नववी ‘ब’चा नकाशा

जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे पुणे जिल्ह्यातले चार तालुके मिळून जुन्नर वनविभाग होतो. या पट्ट्यातल्या हायस्कुलात पर्यावरणाचा तास घेणं म्हणजे काय असतं, हे पुण्यात बसून कळत नाही. फळ्यावर ‘वन्यजीव संवर्धन’ लिहून पुरं होण्याआधीच मागच्या बाकावरून प्रश्न येतो : “बिबट्याने आमची कालवड नेली, तिचे पैसे कधी मिळणार?”

खालच्या संवादातली दोन्ही माणसं मी रचलेली आहेत, आणि त्यांचं गावही. मुद्दे मात्र रचावे लागले नाहीत. या भागातल्या कुठल्याही पालकसभेत थोडा वेळ बसलं की ते कानावर पडतात. मॅडम नववी-दहावीला विज्ञान शिकवतात आणि रोज नारायणगावहून येऊन-जाऊन करतात. आबा बारावीपर्यंत शिकलेले आहेत, घरचा पाच एकर ऊस आहे, धाकटी मुलगी नववी ‘ब’मध्ये आहे. मॅडमनी वर्गाला एक प्रकल्प दिला होता. गावात बिबट्या कुठे कुठे दिसला आणि तिथेच का दिसला, याचा नकाशा करायचा. तो स्टाफरूमच्या भिंतीवर लागला आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना आबा शाळेत आले.

आबा : मॅडम, स्पष्टच बोलतो, राग मानू नका. पोरीला तुम्ही बिबट्याची बाजू घ्यायला शिकवताय. काल जेवताना मला म्हणते, “पप्पा, तो आपल्यात आला नाही, आपणच त्याला घर बांधून दिलं.” आमच्या भावकीतलं एक माणूस गेलंय. हे मी ताटावर बसून ऐकायचं?

मॅडम : घर बांधून दिलं हे वाक्य तिचं आहे, माझं नाही. मी एवढंच सांगितलं होतं की आजोबांना विचारून या, कालवा येण्याआधी आपल्या शिवारात काय पिकायचं. मुलं बाजरी, हरभरा, मटकी असं लिहून घेऊन आली. मग कुकडी प्रकल्प झाला. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे ही धरणं झाली, चाऱ्यांना पाणी आलं आणि ऊस उभा राहिला. आडसाली ऊस दीड वर्ष शेतात असतो. आत गारवा, पाणी जवळ, माणसाची वर्दळ नाही. मादी तिथेच विते. उसात जन्मलेल्या पिल्लाला जंगल म्हणजे काय हे माहीतच नसतं. एवढं मुलांनी मांडलं आणि तुमच्या मुलीने त्याचा निष्कर्ष काढला.

आबा : म्हणजे ऊस लावला हा आमचा गुन्हा.

मॅडम : कारण सांगितलं की तुम्ही गुन्हाच का ऐकता?

आबा : कारण रात्री दोन वाजता दारं धरायला मी जातो. थ्री फेजची लाइट रात्रीच्या पाळीला असली की जावंच लागतं. एका हातात बॅटरी, एका हातात खोरं, मोबाइलवर गाणी मोठ्याने लावलेली. खाली वाकलं की पाठीला घाम सुटतो. अशा माणसाला कारणं सांगायची नसतात, मॅडम. आणि त्याच्या पोरीला तर नाहीच. तिला आधी भीती शिकवा. पुण्या-मुंबईची पोरं बिबट्याच्या चित्राचे टी-शर्ट घालून फिरतात, त्यांना खुशाल प्रेम शिकवा. त्यांचं काही जात नाही.

आबांचा हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात लागोपाठ तीन माणसं गेली, त्यांतली दोन लहान मुलं होती. लोकांनी पुणे-नाशिक रस्ता अडवला. शेवटी बिबट्याला गोळी घालावी लागली. बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात खुरपत आहेत, असे फोटो त्या दिवसांत देशभर छापून आले. अशा गावात ‘सर्व प्राण्यांवर दया करा’ हे वाक्य वर्गात वाचून दाखवणाऱ्या शिक्षकाला फार धीट म्हणावं लागेल, किंवा फार बेफिकीर.

मॅडम : प्रेम शिकवायचंच नाही मला. पाठ्यपुस्तकात दया आहे, संविधानातल्या मूलभूत कर्तव्यांतही प्राण्यांबद्दल दया बाळगायला सांगितलं आहे. पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला नुसतं ‘दया कर’ म्हटलं की तो परीक्षेत दया लिहितो आणि बाहेर जाऊन दगड मारतो. मला त्याने आधी नीट माहिती घ्यावी असं वाटतं. तुम्ही म्हणता भीती शिकवा. भीती ते पाळण्यात शिकलेत. नेमकं कशाला भ्यायचं, ते शिकायचं राहिलंय.

आबा : कशाला म्हणजे? बिबट्याला.

मॅडम : ओणवं बसण्याला भ्यायचं. संध्याकाळी एकट्याने उसाच्या कडेने जाण्याला भ्यायचं. अंगणात लहान मूल एकटं सोडण्याला भ्यायचं. आणि घराजवळ मोकाट कुत्री वाढण्याला तर सगळ्यात जास्त. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी शेजारच्या अकोले तालुक्यात उसाच्या शेतांत कॅमेरे लावून मोजणी केली होती. शंभर चौरस किलोमीटरला जवळजवळ ५ मोठे बिबटे निघाले, आणि तिथे जंगल म्हणावं असं काही नाही. ते खातात काय हेही बघितलं. बहुतेक गावातलीच जनावरं, त्यांत कुत्री सर्वांत जास्त. मुलांनी हे वाचल्यावर आपापल्या वाडीतली कुत्री मोजली.

आबा : मोजून काय झालं? मी सांगतो उपाय. पिंजरे लावा, सगळे उचला, लांब नेऊन सोडा. साधा हिशोब आहे.

मॅडम : तो हिशोब आपल्याच वनविभागात करून झालाय. १९९३ ते २००१ या काळात इथे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले व्हायचे. मग बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडायची मोठी मोहीम निघाली. त्यानंतर सरासरी १७ वर गेली. हा अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांचाच अभ्यास आहे. परक्या मुलखात सोडलेला बिबट्या बिथरतो, माघारी यायला बघतो, आणि इकडे त्याची जागा रिकामी झाली की दुसरा येतो.

आबा : सोडला तिथे थांबत नाही हे कशावरून?

मॅडम : ‘आजोबा’ पिक्चर बघितलात ना? उर्मिला मातोंडकरचा?

आबा : टीव्हीवर लागला होता. अर्धाच बघितला.

मॅडम : तो बिबट्या खरा होता. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडला होता. काढला, गळ्यात पट्टा बसवला आणि माळशेजला सोडला. तिथून चालत निघाला आणि सुमारे १२० किलोमीटर कापून मुंबईच्या बोरिवलीच्या नॅशनल पार्कपर्यंत गेला. वाटेत माणसाला हात लावला नाही. पुढे २०११ मध्ये हायवेवर गाडीखाली मेला. त्याची वाट मुलांनी भूगोलाच्या नकाशावर आखली. एकाने विचारलं, “मॅडम, एवढी गावं लागली, कुणाला कळलंच नाही?” त्या प्रश्नावर माझा पूर्ण तास गेला.

आबा : एक आजोबा चांगला निघाला म्हणून सगळे चांगले होत नाहीत.

मॅडम : नाहीच होत. म्हणून दुसऱ्या तासाला वन्यजीव संरक्षण कायद्याचं अकरावं कलम वाचलं. बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला मारणं गुन्हा आहे. पण माणसाच्या जिवाला धोका झाला असेल तर राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक त्याला पकडायची, आणि दुसरा उपाय नसेल तर मारायचीही परवानगी देऊ शकतात. वर्गातल्या निम्म्या मुलांना वाटत होतं कायदा फक्त बिबट्याचा आहे.

आबा : मला पण तसंच वाटत होतं. पण परवानगी येईपर्यंत काय करायचं, ते कलमात नाही ना?

मॅडम : नाही.

इथे मॅडम गप्प बसल्या असत्या तर मला आवडलं असतं. पण शिक्षकाला गप्प बसणं जमत नाही, आणि त्यांनी वाघोबा काढला. अकोल्याकडे, जुन्नरच्या पश्चिमेच्या डोंगराळ भागात महादेव कोळी समाजात वाघबारस पाळतात. वाघोबाच्या दगडाला शेंदूर लावतात, नैवेद्य दाखवतात. शहरी निसर्गप्रेमींना ही परंपरा फार आवडते. आपल्या पूर्वजांचं प्राण्यांवर कसं प्रेम होतं याचा दाखला म्हणून ती भाषणांत येते. आबांनी तो दाखला तिथल्या तिथे उलटा केला.

आबा : वाघोबाला नैवेद्य दाखवायचे ते प्रेमाने नाही, मॅडम. माझी आई तिकडची. ती सांगायची, नवस असायचा तो. तू तुझ्या वाटेने जा, माझ्या गोठ्यात येऊ नको. आलास तर पुढचं मी बघीन. बकरं द्यायचे आणि हाताशी कोयताही ठेवायचे. पूजा होती, पण लाड नव्हते.

मॅडम : आबा, हेच तुम्ही वर्गात येऊन सांगा.

आबा : मी कशाला वर्गात? मी भांडायला आलोय.

मॅडम : मी गंभीरपणे बोलतेय. त्या नवसात प्रेम नाही, पण हद्द आहे. तू इथपर्यंत, मी इथपर्यंत. मुलांना नीती शिकवायची तर ती इथून सुरू होते असं मला वाटतं. ज्याच्यावर प्रेम नाही, ज्याची भीती आहे, ज्याच्यामुळे नुकसान होतं, त्याच्याशी कसं वागायचं? आवडत्या प्राण्याशी चांगलं वागायला शाळा कशाला हवी?

आबा : बोलायला बरं आहे. आता ज्याच्यासाठी आलो ते बोलतो. तो नकाशा.

खरं भांडण इथून सुरू झालं. बिबट्यावरून जे झालं ते निमित्त होतं.

नकाशा चार कार्डशीट जोडून केलेला. निळ्या पेनाने ओढा, हिरव्याने ऊस, लाल टिकल्या म्हणजे बिबट्या दिसला ती ठिकाणं. मुलांनी घरोघर विचारून टिकल्या लावल्या होत्या. टिकल्यांचा सगळ्यात मोठा घोळका ओढ्याच्या वळणावर होता आणि तिथे शिसपेन्सिलने लिहिलं होतं : ‘पोल्ट्रीची मर टाकतात. कुत्री ११.’ पोल्ट्री चालवणारे ‘मर’ म्हणतात ते शेडमध्ये रोज मरणाऱ्या कोंबड्यांना. खड्डा खणून चुना टाकून ती पुरायची असते. ओढ्यात फेकणं सोपं जातं. शेजारी पोल्ट्रीवाल्याचं नाव होतं. ते आबांचे चुलतभाऊ.

आबा : भावाचं नाव पोरीच्या अक्षरात आहे. हे तुम्हाला बरोबर वाटतं?

मॅडम : नाव लिहायला मी सांगितलं नव्हतं.

आबा : खोडायलाही नाही सांगितलं.

मॅडम : नाही. कारण ते खरं होतं. मुलं एकेका घरी जाऊन आली, टिकल्या लावल्या, आणि एका ठिकाणी टिकल्या का जास्त याचं उत्तर त्यांचं त्यांनी शोधलं. ते मी खोडू? तुमच्या मुलीला मी काय शिकवलं असतं मग? बिबट्याबद्दल खरं बोल, पण काकांबद्दल नको, असंच ना? आपल्याकडे पर्यावरणाचा धडा नेहमी लांबच्या गोष्टीवर असतो. अॅमेझॉनचं जंगल, ओझोनचा थर, ध्रुवावरचा बर्फ. कारण लांबच्या गोष्टीत ओळखीचं कुणी निघत नाही.

आबा : बरोबर. पण एक सांगा. संध्याकाळी पाच वाजता तुम्ही गाडीत बसून नारायणगावला जाता. तुमची बदली झाली तर तुम्ही दुसऱ्या गावाला जाल. माझी पोर इथेच आहे. सणाला काकाच्या घरी जेवते. काकूने काल तिला विचारलं, “तू का गं आमचं नाव लिहिलंस?” तेव्हा तुम्ही नव्हता तिथे. पोर रात्री जेवली नाही. तुमच्या सत्याचे पैसे तिने भरले.

मॅडमकडे याला उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडेही नाही. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण सक्तीने शिकवा असं सांगितलं आणि २००३ मध्ये पुन्हा बजावलं. त्यातून पुस्तकं आली. महाराष्ट्रात अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा हा विषय आला, नववी-दहावीला जलसुरक्षा आली, वह्या आल्या, श्रेणी आल्या. बहुतेक शाळांनी त्यातून सुरक्षित मार्ग काढला : पाच जूनला फेरी, घोषवाक्यं, एक रोप, एक फोटो. या मार्गाला आपण सगळेच नावं ठेवतो. पण तो का निवडला जातो, याचं खरं कारण आबांच्या त्या एका वाक्यात आहे. ओढ्याकाठी जाऊन बघणारा विद्यार्थी संध्याकाळी त्याच ओढ्याकाठच्या घरात परततो. त्याच्या जेवणाची, सणाची, लग्नकार्याची माणसं तीच असतात. शिक्षकाने मुलाला प्रश्न विचारायला शिकवलं तर त्या प्रश्नाचा पहिला फटका मुलावर येऊ नये, ही जबाबदारीही शिक्षकाकडेच येते. ती अभ्यासक्रमात लिहिलेली नाही.

मॅडम : नाव मी आज काढते. जागा ठेवते.

आबा : जागा ठेवली की गावाला कळायचं राहतं का?

मॅडम : कळू दे. पण मुलीच्या अक्षरात नको, हे तुमचं पटलं. ती माहिती ग्रामपंचायतीला मी देईन, माझ्या सहीने. मर पुरण्याचा खड्डा कसा करायचा याचं पत्रक पशुसंवर्धनवाल्यांकडून आणीन. भांडायचं तर माझ्याशी भांडा.

आबा : भाऊ भांडेल. त्याचा स्वभाव तापट आहे.

मॅडम : भांडू दे.

आबा : आणि बिबट्यासाठी नुसती आमचीच चूक का नकाशावर? लाइटच्या पाळीचा तक्ता लावा ना शेजारी. कुठल्या आठवड्यात रात्रीची पाळी, कुठल्या दिवसाची. वनखात्याला फोन केल्यापासून किती तासांनी गाडी आली, तेही लिहा. पोरांना म्हणावं, जसं आम्हाला विचारलं तसं त्यांनाही विचारा. नाहीतर पोरं शिकतील की चूक नेहमी शेतकऱ्याचीच.

मॅडम : तक्ता मिळेल?

आबा : माझ्या मोबाइलवर आहे. ग्रुपवर येतो.

आबा उठून नकाशाजवळ गेले. मला वाटलं ते भावाच्या नावावर बोट ठेवणार. ते बराच वेळ हिरव्या पट्ट्यांकडे बघत राहिले.

आबा : यात कोप्या नाहीत.

मॅडम : कसल्या?

आबा : ऊसतोडवाल्यांच्या. दिवाळी झाली की टोळ्या येतात, उसाच्या कडेलाच पाचटाच्या कोप्या घालतात. ना दार, ना लाइट. पोरं उघड्यावर झोपतात. आई-बाप पहाटे अंधारात तोडायला जातात, तान्हं पोर फडाच्या कडेला झोळीत. बिबट्याला सगळ्यात सोपं काय आहे ते सांगा. माझं पक्कं घर की ते?

मॅडम : मुलांनी घरोघर विचारलं. कोपी त्यांच्या डोक्यात घर म्हणून आलीच नसेल.

आबा : टोळी तेव्हा इथे नव्हतीच. आणि त्यांची पोरं तुमच्या वर्गातही नाहीत. मेंढरंवाल्यांचंही तसंच, वाडा बसला की चार दिवसांनी पुढे. त्यांना कोण विचारणार?

मॅडमनी पेन्सिल घेतली आणि ती आबांकडे दिली. आबांनी ती घेतली नाही, नुसत्या जागा दाखवल्या. कालव्याच्या पुलाशी, शाळेच्या मागे, आणि एक त्यांच्याच शेताच्या बांधाला. मॅडमनी तीन त्रिकोण काढले.

मॅडम : या तिसऱ्या कोपीला लाइट कुणी द्यायची?

आबा : कारखान्याने. टोळी त्यांची.

मॅडम : आणि कारखाना देईपर्यंत?

आबा : माझ्या मोटरच्या खोलीतून वायर ओढता येईल. एक बल्ब लागेल. पण ते नकाशावर लिहू नका, वायरमन येईल.